आठ गडी, सहाशे चाळीस किलो

फर्स्ट एडच्या खोलीत चिकटपट्टी दर महिन्याला संपते. कापूस संपतो, ओआरएसची पाकिटं संपतात, डोकेदुखीच्या गोळ्या तर सोमवारीच संपतात. किस्से मात्र संपत नाहीत! उलट साठत जातात. त्यांचं रजिस्टर नाही, म्हणून ऑडिटमध्येही कुणी विचारत नाही. मग एखाद्या दिवशी कुणीतरी सहज "काय सिस्टर, काय नवीन?" म्हणतं आणि माझं सुरू होतं. आता तुम्ही विचारलंच आहे, तर चहा घ्या आणि बसा.

मी चाकणच्या एका कंपनीत नर्स आहे. सतरा वर्षं झाली. काळेवाडीहून रोज सकाळी कंपनीच्या बसने जाते, संध्याकाळी त्याच बसने परत येते. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि माझ्याकडे कापलेली बोटं, डोळ्यांत गेलेले कण आणि 'सिस्टर, हाफ डे मिळेल का' या नावाचा आजार येतो. मागच्या वर्षी मात्र हे सगळं बाजूला पडलं आणि माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर प्रोटीनच्या चमच्यांनी भरला. चौदा चमचे आहेत. मोजलेत मी!

त्याला कारण आमची रस्सीखेचीची टीम. एमआयडीसीतल्या कंपन्यांची दर हिवाळ्यात स्पर्धा असते. फायनलला आम्ही आणि समोरचे, हे ठरलेलं. समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडची कंपनी. जिंकणार ते, हेही ठरलेलं. ढाल त्यांच्या रिसेप्शनमध्ये काचेच्या कपाटात असते, आणि ते कपाट नेमकं आमच्या बस स्टॉपवरून दिसतं. रोज सकाळी उतरलं की आधी ढालीचं दर्शन, मग पंचिंग.

हे दर्शन सगळ्यात जास्त कुणाला लागायचं, तर मुंगसे काकांना. काका प्रेस शॉपमध्ये, आणि टीममध्ये शेवटचा गडी. दोर अंगाभोवती घेऊन जो पाय रोवून उभा राहतो, तो शेवटचा गडी. माणूस इथल्याच गावचा. आमचं कॅन्टीन जिथे आहे तिथे त्यांच्या वडलांचा बटाटा व्हायचा. तीस वर्षं दोर धरला, पण ढालीला हात लागला नाही, आणि येत्या उन्हाळ्यात काका रिटायर होणार होते.

"सिस्टर," ते मला म्हणाले होते, "येकदा ती ढाल आपल्या गेटातून आत न्यायची हाय. मंग घरी बसायला मी मोकळा."

मागच्या वर्षी पहिल्यांदाच आशा वाटावी असं झालं. एरवी समोरचे शंभर-शंभर किलोचे गडी उभे करायचे. संयोजकांनी नवा नियम काढला: आठ खेळाडूंचं मिळून वजन सहाशे चाळीस किलोच्या आत हवं. म्हणजे आता वजन नको, ताकद हवी. आणि ताकद डब्यात मिळते, याची सलीमला खात्री होती.

* * *

सलीम आमचा फोर्कलिफ्टवाला आणि टीममधला एक गडी. राहायला दापोडीला. मनाने राजा माणूस, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून निम्मा डॉक्टर झालेला. त्याने पहिल्याच सोमवारी सगळ्या टीमला व्हिटॅमिनच्या गोळ्या वाटल्या. "भावा, रोज एक. पंधरा दिवसांत फरक बघ!"

फरक पंधरा तासांत पडला.

मंगळवारी सकाळी माझ्या दाराशी एक जण. इकडेतिकडे बघत म्हणाला, "सिस्टर, जरा पर्सनल आहे." आत घेतलं, दार लावलं. त्याने खाली मान घालून सांगितलं की लघवी हळदीसारखी पिवळी होतेय, बहुतेक कावीळ झाली, घरी सांगू नका. त्याला समजावून बाहेर काढलं तर दुसरा हजर. "सिस्टर, पर्सनल आहे." मग तिसरा. सातही जण एकामागे एक आले, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता की बीपी चेक करायला आलोय!

शेवटी मी दार उघडून बाहेरच सांगितलं, "अरे बाबांनो, बी व्हिटॅमिन जास्त झालं की शरीर ते बाहेर टाकतं. रंग त्याचा आहे. कावीळ नाही, काही नाही. गोळ्या सलीमने दिल्या होत्या, त्या तुम्ही नाल्याला दिल्यात."

सगळे हसत सुटले. पाच मिनिटांनी मुंगसे काका आले. चेहरा उतरलेला. दार स्वतःच लावून घेतलं.

"सिस्टर, समद्यांचं पिवळं झालं म्हणं. माजं साधंच हाय. मला काय झालं आसंल?"

"काका, तुम्ही गोळी घेतली का?"

"न्हाई. ती ऱ्हायलीच खिशात."

* * *

टीममधला चौथा गडी सावंत. कणकवलीकडचा, क्वालिटी डिपार्टमेंटला. क्वालिटीचा माणूस म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगूनही कळायचं नाही. या सावंताने स्वतःच्या लग्नात हाराची लांबी कमी भरली म्हणून भटजींना थांबवलं होतं, असं त्याची बायकोच सांगते.

सलीमने प्रोटीन पावडरचा पाच किलोचा डबा आणला. संध्याकाळी प्रॅक्टिसला सगळे जमले, शेकर हातात, आणि बघतात तर डब्याला लाल टॅग लटकवलेला. 'होल्ड. तपासणी बाकी.'

"सावंत, हे काय आहे?"

"बाहेरून आलेलं मटेरियल आहे. तपासल्याशिवाय लाइनला जाणार नाही."

सलीम म्हणाला, "यार, लाइनला नाही, पोटात जाणार आहे!"

"मग तर आधी तपासायला हवं," सावंत म्हणाला.

खरं सांगते, मला त्याचं पटलं. नाही तरी कोण बघतं डब्यात काय आहे ते? त्याने लेबल वाचलं, सील बघितलं, तारीख बघितली. इथपर्यंत ठीक. मग तो म्हणाला, "चमचा." लेबलवर लिहिलं होतं, एक चमचा म्हणजे तीस ग्रॅम. सावंताने लॅबच्या काट्यावर प्रत्येकाला एक-एक चमचा भरायला लावला. सलीमचा भरला सत्तेचाळीस ग्रॅम, एकाचा बावीस. सावंत काट्याकडे बघत राहिला. रागावला की तो घरच्या बोलीत जातो.

"ह्या असां कसां चालतलां? आठ ऑपरेटर, आठ रीडिंग!"

दुसऱ्या दिवशी सगळे चमचे जप्त करून माझ्याकडे जमा. सावंताने एक पट्टी बनवून आणली, ती चमच्यावरून फिरवायची, जास्तीची पावडर खाली. पुढे कुणी नवा चमचा लपवून आणला की तोही माझ्या ड्रॉवरमध्ये. चौदा झाले ते असे!

* * *

पण पट्टीने माप सुधारलं, पोट नाही. ज्यांना आयुष्यात दुधाचा ग्लास झेपला नाही, त्यांनी दिवसातून दोनदा ती पावडर घ्यायला सुरुवात केली. परिणाम आमच्या बसमध्ये जाणवू लागले. एसी बस, खिडक्या बंद, चाकण ते काळेवाडी, आणि मधे ट्रॅफिक! काय बोलणार? अकाउंट्सच्या दोघी मुली ओढणीने नाक धरून बसायच्या. शेवटी तक्रार एचआरला गेली.

तक्रार आली म्हणजे कागद आला. सावंताने 'का? का?' चा फॉर्म भरला. आमच्याकडे काहीही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण शोधतात, तो फॉर्म. मी स्वतः वाचलाय.

बसमध्ये वास का? गॅसमुळे. गॅस का? पावडरमुळे. पावडर का? ताकदीसाठी. ताकद का? ढालीसाठी. ढाल का? मुंगसे काका रिटायर होतायत.

खाली मूळ कारणाच्या चौकटीत लिहिलं होतं, 'मुंगसे काका'. आणि उपायाच्या चौकटीत, 'खिडक्या उघडणारी बस द्यावी.'

एचआरने बस दिली नाही. पण मी त्या पावडरवाल्या गड्यांना सांगितलं, पावडर अर्धी करा, डाळ-उसळ-अंडी वाढवा, नाही तर उद्यापासून चालत या. तीन दिवसांत हवा सुधारली.

* * *

सलीमचा स्वतःवरचा प्रयोग वेगळाच. व्यायामाआधी घ्यायची म्हणून कुठली तरी निळी पावडर त्याने मागवली. एक चमचा सांगितला होता, याने दोन घेतले, आणि तेही ड्यूटीवर! सकाळी साडेदहाला माझ्याकडे आला तो चेहरा चोळतच. "सिस्टर, कानात मुंग्या येतायत. ओठांना पण. मी मरत तर नाही ना?"

नाडी बघितली तर धावत होती. मी त्याला फोर्कलिफ्टवरून उतरवला, पाणी पाजलं, डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मुंग्या जातील, पण यात कॅफीनही भरपूर असतं, आज त्याला मशिनला हात लावू देऊ नका. मी सलीमला चांगलं झापलं. पुढचा-मागचा विचार न करता काय वाटेल ते घशात घालतोस, तुझ्या अम्मीला फोन लावू का, असं सगळं. बाकी कशाला नाही, अम्मीला घाबरला.

आता मशिनवर नाही बसायचं, पण याला बसवतही नव्हतं. मग त्याने गोडाऊनमध्ये झाडू हातात घेतला. दुपारपर्यंत गोडाऊन चकाचक! वर्षभर जे रॅक कुणी हलवले नव्हते, त्यांच्यामागचं जाळंसुद्धा निघालं. फळ्यांना रंगाच्या पट्ट्या लागल्या.

मी ती निळी पावडर बेसिनमध्ये ओतत होते, तेवढ्यात गोडाऊनचे सुपरवायझर दारात. आवाज एकदम हळू.

"सिस्टर, सगळी ओतलीत का? माझ्याकडे आणखी चार माणसं आहेत हो."

* * *

डॉक्टर वार्षिक तपासणी करून गेले आणि रिपोर्टमध्ये टीममधल्या पाच जणांचं डी व्हिटॅमिन कमी निघालं. साहजिक आहे. सूर्य उगवायच्या आत बसमध्ये, दिवसभर पत्र्याखाली, मावळल्यावर घरी. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, दुपारचं ऊनही घ्या, अंगावर.

जेवणाच्या सुट्टीत आठही जण कॅन्टीनमागे शर्ट काढून उभे राहिले. दोन मिनिटांत सेफ्टी ऑफिसर धावत आले. आमचे सेफ्टी ऑफिसर फार कडक. त्यांच्या राज्यात सेफ्टी शूज आणि हेल्मेट घातल्याशिवाय पिवळ्या रेषेच्या आत पाऊल टाकता येत नाही. मग तो एमडी असो, नाही तर मांजर.

"उघडे उभे राहा, माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण हेल्मेट कुठंय?"

नेमक्या त्याच दिवशी जपानहून पाहुणे आले होते. प्लँट हेड त्यांना घेऊन कॅन्टीनला वळले, आणि समोर आठ उघडे पुरुष, डोक्यावर पिवळी हेल्मेट, पायात लोखंडी टोकाचे बूट, तोंडं सूर्याकडे. पाहुण्यांनी थांबून दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणाला, "ते विचारतायत, यांची चूक काय झाली?"

काका सगळ्यात पुढे, पोटावर ऊन घेत उभे. ते मला म्हणाले, "सिस्टर, ह्याच जाग्यावर मी बटाटा काढला उगडा. तवा कोन डॉक्टर बोललं न्हाई, का हे अवशिद हाय म्हनून!"

* * *

आणि काकांचा डबा. तो सांगायलाच हवा. काका काही घेत नाहीत हे सलीमला फार लागायचं. त्याने काकांसाठी खास स्वतःच्या खर्चाने डबा आणला. केशर-पिस्ता फ्लेवर. "काका, बाकी कुणाला देऊ नका. रोज रात्री दुधातून." काकांनी घेतला. माणूस मनाचा मऊ, नाही म्हणवत नाही.

महिन्याभराने सलीमने विचारलं, "काका, संपला का डबा?"

"संपला की. येका दिवसात."

सलीम उडालाच. "एका दिवसात? काका, दोन किलो होतं!"

झालं असं होतं की काकांनी डबा घरी नेऊन फळीवर ठेवला. काकूंना वाटलं, कंपनीने दिवाळीचं काहीतरी दिलं असेल. झाकण उघडलं तर केशराचा वास. त्याच आठवड्यात पुतणीला बघायला पाहुणे येणार होते. काकूंनी सात लिटर दूध आटवलं, गार केलं, डबा त्यात ओतला आणि बासुंदी म्हणून वाढली. पाहुण्यांनी तीन-तीन वाट्या घेतल्या. नवऱ्या मुलाचा बाप म्हणाला, अशी दाट बासुंदी आमच्या तालुक्यात होत नाही. तिथल्या तिथे सुपारी फुटली!

सलीम डोकं धरून बसला. काका त्याच्याजवळ सरकले.

"आनखी येक डबा मिळंल का रं? धाकटीला बगायला येनार हाईत."

* * *

आता हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते सांगते. फायनलला दोन आठवडे राहिले असताना सावंताने टीमचं वजन घेतलं. डिस्पॅचच्या काट्यावर आठही जण एकेक करून उभे राहिले आणि त्याने बेरीज केली. सहाशे एकोणपन्नास!

नऊ किलो जास्त. सलीमने मधे आणलेल्या क्रिएटिन नावाच्या पावडरीचा प्रताप. त्या पावडरीने स्नायूंमध्ये पाणी धरलं जातं, दोन-तीन दिवसांत वजन वर. मी आधीच सांगितलं होतं, पण तेव्हा सगळे आरशात दंड बघत होते. मी म्हटलं, आजपासून बंद. पण पाणी उतरायला वेळ लागतो आणि वेळ नव्हता.

सावंताने दोराशेजारी बोर्ड लावला. प्रत्येकाचं नाव, समोर किती ग्रॅम कमी करायचे ते, आणि रोज लाल किंवा हिरवा ठिपका. गडी बिचारे काकडी खाऊन प्रेस चालवायला लागले. मी तेही चालू देईना. चक्कर येऊन मशिनवर पडलात तर ढाल कोण धरणार? रोज चारला मी प्रत्येकाला माझ्यासमोर एक केळं आणि दोन अंडी खायला लावायचे. एकाच्या बायकोने मला फोन करून विचारलं, "सिस्टर, माहेरचे म्हणतात मी नवऱ्याला उपाशी ठेवते. तुम्ही एक सर्टिफिकेट देता का?"

आठवडा झाला, चार किलो उतरले. पाच बाकी. तेव्हा काका माझ्या खोलीत आले आणि त्या दिवशी त्यांनी दार लावलं नाही.

"सिस्टर, हिशेब सोपा हाय. मी पंच्यान्नवचा. माज्या जागी पेंट शॉपचा पोरगा घ्या, पंच्याऐंशीचा. समदं बसतंय."

खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तीस वर्षं ज्या ढालीसाठी हा माणूस चिखलात टाचा रोवतोय, तिच्यासाठी हा स्वतःच बाजूला व्हायला निघाला! सलीम बाहेर बँडेज बदलायला उभा होता, त्याने ऐकलं. तो तरातरा गेला, सावंताच्या बोर्डावर काकांच्या नावापुढचा आकडा पुसला आणि तो स्वतःच्या नावापुढे लिहिला. मग बाकीच्यांनीही थोडं थोडं वाटून घेतलं. सावंताने फक्त बेरीज तपासली.

संध्याकाळी प्रॅक्टिसला काका शेवटच्या जागेवरच उभे होते.

* * *

फायनलचा रविवार. मैदानावर संयोजकांचा काटा. आधी समोरचे चढले: सहाशे अडतीस. पास. मग आमचे. सहाशे बेचाळीस पूर्णांक चार. दोन आठवडे काकडी खाल्ली, आणि दोन किलो चारशे ग्रॅमने बाहेर!

सलीम खालीच बसला. काका अंगाभोवती बांधायचं फडकं सोडायला लागले.

आणि सावंत काट्यापाशी गुडघे टेकून वाकला. मला वाटलं, रडतोय. तर तो काट्याच्या मागचा स्टिकर वाचत होता.

"कॅलिब्रेशनची मुदत संपलीय," तो म्हणाला.

संयोजक म्हणाले, "अहो, खेळाचा काटा आहे, दोन दिवस इकडेतिकडे."

तेवढ्यात समोरच्या कंपनीच्या पाटील मॅडम पुढे आल्या. त्यांच्या क्वालिटीच्या हेड. त्यांची टीम पास झालेली, त्यांना काय पडलं होतं? पण त्याही वाकल्या, चष्मा वर केला, स्टिकर वाचला. "हे रीडिंग ग्राह्य नाही," त्या म्हणाल्या. "आमचंसुद्धा नाही." त्यांच्याच कॅप्टनने कपाळावर हात मारला. क्वालिटीचा माणूस कुठल्याही कंपनीत क्वालिटीचाच!

रविवारी शिक्क्याचा काटा आणायचा कुठून? संयोजकांपैकी एकाला आठवलं, जवळच कांद्याच्या एका व्यापाऱ्याची शेड आहे, त्याच्या काट्यावर याच महिन्यात सरकारी शिक्का पडलाय. मग सोळा गडी, नियमाचा कागद घेऊन पाटील मॅडम आणि मी, असे सगळे टेम्पोत बसून कांद्याच्या शेडमध्ये.

तिथे मापाडी होता. चाळीस वर्षं कांदाच मापलेला, डोक्याला पंचा गुंडाळून बसलेला. त्याने आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "चार-चार चढवा," म्हणाला. आधी आमचे चार, मग चार. सावंताने शिक्का तपासला, मॅडमनी तपासला, मापाडी मोठ्याने ओरडला, "सहाशे बेचाळीस!" आणि पावतीवर लिहिलं.

संपलं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. ते हसणं मला अजून आठवतं, नको होतं ते.

मापाड्याने पेन अजून खाली ठेवलं नव्हतं. त्याने मान वर न करता विचारलं, "बारदान किती धरू?"

"बारदान?" मॅडम म्हणाल्या.

"आवो, पोत्याचं वजन वजा नगं का? मी काय गोनपाटासकट कांदा लिवतो?" त्याने पेनाने सलीमच्या पायाकडे दाखवलं. "ही लोखंडं."

सगळ्यांनी खाली बघितलं. सोळा जोड्या सेफ्टी शूज!

अहो, काढणार कोण? डिस्पॅचचा काटा पिवळ्या रेषेच्या आत. तिथे बूट काढला तर सेफ्टी ऑफिसर मेमो देणार. स्पर्धेतही सेफ्टी शूज सक्तीचे. सतरा वर्षं मी नर्स, माणसाचं वजन बूट काढून घेतात हे मला शाळेपासून माहीत, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही! कारण या माणसांना मी बुटांशिवाय कधी बघितलंच नव्हतं.

मापाड्याने क्रेट पुढे सरकवला. आठ जोड्या त्यात पडल्या. साडेनऊ किलो!

मॅडमनी नियमाचा कागद काढून दोनदा वाचला. "खेळाडूंचं वजन," त्या म्हणाल्या. "बुटांचं लिहिलेलं नाही." आणि सही केली. सहाशे साडेबत्तीस. मागून समोरचेही चढले, तेही पास.

सावंत मात्र कागदावर काहीतरी मांडत होता. मग त्याने हळूच मान वर केली. "एकोणपन्नासातून साडेनऊ गेले तर साडेएकोणचाळीस. म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी..."

"सावंत," सलीम म्हणाला, "पुढचं बोललास तर इथेच तुला पोत्यात भरीन."

समोरच्यांचा कॅप्टन तोंड वाकडं करून म्हणाला, "आम्ही पण काकडीच खाल्ली, राव." आणि मग सोळाच्या सोळा जण त्या कांद्यांच्या ढिगांत जे हसले, मापाडी सोडून!

* * *

ओढाओढीचं काय सांगू? पहिली त्यांनी घेतली, दुसरी आम्ही. तिसरीला दोर मधोमध असा थांबला की मला वाटलं, कुणी श्वासच घेत नाहीये. काकांच्या टाचा जमिनीत गेल्या होत्या, मान लाल, डोळे मिटलेले. मी माझी फर्स्ट एडची बॅग टाकून दिली आणि काय काय ओरडले, ते इथे सांगण्यासारखं नाही. मग समोरच्यांचा एक पाय सरकला. एकच! काका एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक.

सोमवारी सकाळी बस थांबली. काका स्टॉपवरच उभे होते, आम्ही उतरताच ते सरळ रस्ता ओलांडून समोरच्या रिसेप्शनमध्ये गेले. पाटील मॅडमनी स्वतः कपाटाचं कुलूप काढलं. काका ढाल छातीशी धरून परत आले तेव्हा आमची अख्खी शिफ्ट गेटाशी उभी.

वॉचमनने रजिस्टर काढलं. "काका, मटेरियल इनवर्ड आहे. एंट्री लागेल."

सगळे त्याच्यावर ओरडले. त्यात सावंत पुढे आला आणि खिशातून टॅग काढला. सलीम म्हणाला, "सावंत, आज नको यार!" सावंताने ढाल उलटीसुलटी करून बघितली, कडेवरून बोट फिरवलं, आणि टॅग बांधला. हिरवा. एवढ्या दिवसांत त्याच्या खिशातून निघालेला पहिला.

काका निघाले. पिवळ्या रेषेपाशी आले आणि थांबले. ढाल एका काखेत धरली, वाकले, नाड्या सोडल्या. एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही रेषेच्या बाहेर नीट जोडून ठेवले आणि अनवाणी उभे राहिले.

सेफ्टी ऑफिसर पुढे झाले. "काका, शूज!"

काका त्यांच्याकडे बघून हसले आणि रेषा ओलांडली.

"ते बारदान हाय, सायेब. माल आत चाललाय."